उसावरचं वितळलेलं घड्याळ

२०१६ साली मी एक चित्र काढलं. तोडणीला आलेलं उसाचं रान, वर तुरे, आणि एका वाकलेल्या उसावर लटकलेलं घड्याळ. दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या टॉवेलसारखं, मधोमध वितळलेलं. कॅनव्हास दोन बाय तीन फुटांचा, रंग ॲक्रिलिक. पिंपळीतल्या आमच्या घराच्या ओट्यावर ते टेकवून ठेवलं होतं. डेअरीला दूध घालून परतणारे चुलते थांबले, चित्र नीट पाहिलं आणि म्हणाले, "प्रचाराचं काम कवापासनं घेतलंस?"

बारामतीबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे घड्याळ हे आधी निवडणूक चिन्ह असतं, मग वेळ दाखवायचं यंत्र. मला भयंकर राग आला. मी त्यांना साल्वादोर दाली, अतिवास्तववाद, अबोध मन असं बरंच काही ऐकवलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि जनावरांना वैरण टाकायला गेले. त्या चित्राची आजवर झालेली सगळ्यात नेमकी समीक्षा तीच होती, हे कळायला मला तीन वर्षं आणि मुंबईच्या दोन खेपा लागल्या. हा लेख त्या खेपांबद्दल आहे. खरं तर एका चित्रकाराबद्दल आहे, पण त्याच्यापर्यंत पोचायला थोडा वळसा पडेल.

शाळेत असताना मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकला परीक्षा दिल्या, दुसरीत बी ग्रेड मिळाली, आणि माझं रीतसर कलाशिक्षण तिथं संपलं. पुढे डिप्लोमा, मग एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी खातं. अशा माणसाने रंगवायला घेतलं की त्याला स्वयंशिक्षित चित्रकार म्हणतात. शब्द ऐकायला बरा आहे, जंगलात एकट्याने तप करून आल्यासारखा. प्रत्यक्षात मला शिकवणाऱ्यांची रांग लागली होती. सगळे फोनमध्ये होते, सगळे फुकट होते आणि सगळे जवळपास एकच गोष्ट शिकवत होते. डोळ्याच्या बुबुळात समुद्र. बल्बच्या आत झाड. आकाशात पोहणारा मासा. डोक्याच्या जागी फुलांचा गुच्छ असलेली बाई. ढगांत उघडणारं दार. आणि घड्याळ. एवढ्या भांडवलावर जगभरची पोरं अतिवास्तववादी होतात. मीही झालो.

यात ओढ कसली असते, ते मी माझ्यापुरतं सांगू शकतो. हात काढता येत नसेल तर हाताच्या जागी फांदी काढता येते, आणि बघणारा त्याला चूक न म्हणता खोल म्हणतो. साध्या चित्रात नाक चुकलं तर शेजारची आजीसुद्धा सांगते. स्वप्नातलं नाक कोण तपासणार? शिवाय स्वतःचा आवाज सापडायला वर्षं लागतात म्हणतात, इथं तो पहिल्याच आठवड्यात सापडल्यासारखा वाटतो. चित्र विचित्र दिसलं की ते आपलंच आहे अशी खात्री पटते. इन्स्टाग्रामवर माझ्या घड्याळाला तोपर्यंतचे सर्वांत जास्त लाइक मिळाले. खाली कमेंटही बऱ्याच आल्या. एकानेही ऊस आवडला असं लिहिलं नाही.

आता फोन हातातच आहे तर दालीचं 'द पर्सिस्टन्स ऑफ मेमरी' उघडा. १९३१ चं चित्र, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. टी-शर्टांवर, मगांवर, पोस्टरांवर ते इतक्या मोठ्या आकारात पाहिलेलं असतं की मूळ चित्र भिंतभर असावं असं वाटतं. ते २४ बाय ३३ सेंटिमीटर आहे. झेरॉक्सच्या ए-फोर कागदापेक्षा जरासं मोठं. ही पहिली गंमत. दुसरी त्याहून महत्त्वाची आहे. घड्याळांवरून नजर काढा आणि वर उजवीकडे झूम करा. उन्हात पिवळे पडलेले कडे दिसतील, त्याखाली संथ पाणी. ते स्वप्नातलं नाही. तो स्पेनच्या ईशान्य टोकाचा, काताल्युन्यातला किनारा आहे. दाली लहानपणापासून तिथं उन्हाळे काढायचा, आणि पुढे तिथंच एका कोळ्याच्या झोपडीत घर करून राहिला. त्या कड्यांचे आकार त्याला पाठ होते. घड्याळं त्याने कुठून आणली ते त्याचं त्याला ठाऊक, कडे मात्र त्याने घरून आणले.

मी नेमकं उलटं केलं होतं. घड्याळ त्याचं घेतलं, आणि ज्या उसात मी वाढलो तो गुगलवरचा फोटो बघून रंगवला. म्हणजे उसाच्या रानात बसून उसाचा फोटो शोधला. चुलत्यांना प्रचार दिसला, कारण त्या चित्रात त्यांच्या ओळखीची एकच गोष्ट होती. ऊस त्यांना ऊस वाटलाच नव्हता.

हे एकदा ध्यानात आलं की या पंथातल्या बाकीच्यांकडेही तसंच बघावंसं वाटतं. इव्ह तांगी हा त्यांच्यातला खरा स्वयंशिक्षित. व्यापारी जहाजावर नोकरी केलेला, कुठल्याही कलाशाळेत न गेलेला. १९२३ च्या सुमारास पॅरिसमध्ये बसमधून जाताना त्याला एका गॅलरीच्या काचेत दे किरिकोचं चित्र दिसलं आणि त्याने बसमधून उडी मारली, अशी त्याची कथा सांगतात. कथा जरा जास्तच गोंडस आहे, पण त्यानंतर तो चित्रकार झाला हे खरं. त्याच्या चित्रांत ना घड्याळ, ना मासा. एक न संपणारं सपाट मैदान किंवा समुद्राचा तळ, आणि त्यावर उभे-आडवे, दगडासारखे, हाडांसारखे आकार. नाव देता येणार नाही असे. पण हा माणूस मूळचा ब्रिटनी या फ्रान्सच्या पश्चिम टोकाच्या घराण्यातला, लहानपणीच्या सुट्ट्या तिथं काढलेला. तिथल्या माळांवर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी उभे करून ठेवलेले प्रचंड दगड आहेत, ओहोटीला उघडी पडणारी वाळू आहे. समीक्षकांना त्याच्या चित्रांत तो मुलूख दिसतो, मलाही दिसतो. स्वप्न पाहायला कुठेतरी झोपावं लागतं, आणि झोपेतसुद्धा माणसाची पाठ कुठल्या तरी जमिनीला टेकलेली असते.

आंद्रे ब्रेतोंने अतिवास्तववादाचा जाहीरनामा १९२४ साली काढला. त्याच्या सहाएकशे वर्षं आधी मुक्ताबाईंची मुंगी आकाशात जाऊन सूर्य गिळून बसली होती. हे सांगायचं कारण 'आमच्याकडे आधीच होतं' असं मिरवायचं म्हणून नाही, त्या युक्तिवादाचा मला कंटाळा आहे. मुंगी कुठली होती ते बघा, एवढंच. ती उंबऱ्यावरची होती.

आता मुंबई. २०१९ च्या फेब्रुवारीत तिथल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात प्रभाकर बरवे यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. तुमच्यातल्या अनेकांना बरवे हे नाव त्याच्या उद्घाटनाच्या व्हिडिओमुळे माहीत असेल. अमोल पालेकर बोलत असताना त्यांना मध्येच अडवलं जातं, तो व्हिडिओ. व्हिडिओ देशभर फिरला, चित्रं भिंतीवरच राहिली. मी रात्रीच्या एसटीने निघून एका रविवारी पोचलो.

बरवे स्वयंशिक्षित नव्हेत. जन्म १९३६, अलिबागजवळच्या नागावचे, १९५९ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून डिप्लोमा. मग बरीच वर्षं विणकर सेवा केंद्रात नोकरी, त्यातली काही बनारसला. १९९५ मध्ये गेले. त्यांना इथं आणायचं कारण असं, की अतिवास्तव म्हणून मी जे शोधत होतो ते मराठी चित्रकारात मला पहिल्यांदा त्यांच्याकडे दिसलं, आणि ते माझ्या कल्पनेपेक्षा फारच शांत निघालं. फिकट, सपाट पार्श्वभूमी. तिच्यावर एखादं पान, एखादा शंख, फळ, घड्याळ. एकमेकांपासून लांब, जणू एकाच फलाटावर थांबलेले पण एकमेकांना न ओळखणारे प्रवासी. रंग म्हणाल तर बरेचदा इनॅमल, आपण दारं-खिडक्यांना लावतो तोच. त्यामुळे ब्रशचा मागमूस राहत नाही, चित्रकार दिसेनासा होतो आणि वस्तू एकट्या उरतात. काहीही उडत नाही, वितळत नाही. वस्तूंच्या मधल्या अंतराकडेच पाहावं लागतं, आणि पाच मिनिटांनी ते अंतर अंगावर येतं.

सगळंच पटलं असं नाही. काही चित्रांत मला कापडावरच्या नक्षीचा नेटकेपणा जास्त वाटला, हात फारच आज्ञाधारक. पण घरी येऊन त्यांचं 'कोरा कॅनव्हास' (१९९०) वाचलं तेव्हा कळलं की हा माणूस पानाकडे किंवा एखाद्या क्षुल्लक वस्तूकडे किती वेळ बघत असेल. चित्रकाराने मराठीत, इतक्या साध्या भाषेत, स्वतःच्या बघण्याविषयी लिहिलेलं दुसरं पुस्तक मला सापडलेलं नाही. मिळालं तर वाचा.

तरी माझा प्रश्न सुटला नव्हता. बरवे आधी शिकले आणि मग शिकलेलं हळूहळू रिकामं करत गेले, असं मला ती चित्रं पाहून वाटलं. ज्याच्याकडे रिकामं करायला काही नाहीच, त्याने काय करायचं?

त्याच वर्षाच्या अखेरीस, त्याच इमारतीत सुधीर पटवर्धन यांचं 'वॉकिंग थ्रू सोल सिटी' हे प्रदर्शन लागलं. नॅन्सी अदजानिया यांनी मांडलेलं, जवळपास पन्नास वर्षांच्या कामाचा आढावा घेणारं. पटवर्धन १९४९ साली पुण्यात जन्मले. शिक्षण पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात, १९७२ साली डॉक्टर झाले. चित्रकलेचं शिक्षण शून्य. पुढच्या वर्षी मुंबई, आणि १९७५ पासून ठाण्यात रेडिओलॉजिस्ट. २००५ पर्यंत तीस वर्षं हा माणूस दिवसा एक्स-रे बघत होता आणि उरलेल्या वेळात रंगवत होता. दिल्लीतलं पहिलं एकल प्रदर्शन १९७९ चं, इब्राहिम अल्काझींच्या आर्ट हेरिटेजमध्ये. १९८१ मध्ये 'प्लेस फॉर पीपल' या गाजलेल्या प्रदर्शनात ते भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, नलिनी मलानी, विवान सुंदरम, जोगेन चौधरी यांच्याबरोबर होते. त्यातले खख्खरही कलाशाळेत रंगकाम न शिकलेले, व्यवसायाने हिशेबनीस. म्हणजे भारतीय चित्रकलेचं वळण ठरवणाऱ्या त्या सहा जणांत दोघं 'आमच्यातले' होते.

मी काय अपेक्षेने गेलो होतो, ते आता सांगायला लाज वाटते. रेडिओलॉजिस्ट चित्रकार म्हटल्यावर मला वाटलं पारदर्शक शरीरं असणार. छातीच्या पिंजऱ्यात पक्षी. कवटीत शहर. तीस वर्षं हाडं बघितलेल्या माणसाला रीलवाला अतिवास्तववाद किती सोपा होता! सगळं सामान टेबलावर तयार.

जिने चढत गेलो तर समोर माणसं. 'इराणी रेस्टॉरंट' (१९७७), 'ट्रेन' (१९८०), 'ओव्हरब्रिज' (१९८१). नावंसुद्धा एखाद्या स्टेशनवरच्या पाट्यांसारखी. कामावरून येणारी, कामावर जाणारी, थांबलेली माणसं. आणि काय वजन त्या शरीरांना! खांदे, मनगटं, मानेचा मागचा भाग. कपडे अंगावर टाकलेले नाहीत, अंगाने भरलेले आहेत. सेझानचा त्यांनी अभ्यास केला होता हे सगळीकडे लिहिलेलं सापडतं, आणि इथं तो कळतो: सफरचंदाला जसं सेझान वजन देतो तसं यांनी लोकलमधल्या माणसाला दिलंय. फरक इतकाच की सफरचंदाला घरी जायची घाई नसते.

त्या चित्रांपुढे उभं राहून मला जे सुचलं ते माझं वाचन आहे, पटवर्धनांना मान्य असेल की नाही सांगता येत नाही. एक्स-रेच्या फिल्ममध्ये माणूस सपाट होतो. कातडी नाही, कपडे नाहीत, धंदा नाही, थकवा नाही. गिरणी कामगाराचा मणका आणि त्याच्या मालकाचा मणका उजेडाच्या पेटीवर शेजारी लावले तर कोणता कोणाचा ते ओळखू येणार नाही. दिवसभर असं सपाटलेलं शरीर बघून आलेला माणूस संध्याकाळी ते सगळं परत घालत बसायचा. वजन, कापड, उन्हाने रापलेली मान, वाट बघणं. व्यवसायाने जे काढून घेतलं ते चित्राने भरून काढलं. म्हणून त्यांच्या कामात नोकरी दिसत नाही आणि तरी नोकरीशिवाय ते काम झालंच नसतं असं वाटत राहतं. मी क्वालिटी खात्यात दिवसभर मापं घेतो. त्या मापांचा माझ्या चित्रांशी काही संबंध असू शकतो हे तोवर डोक्यातही आलं नव्हतं.

वरच्या मजल्यांवर गोष्ट बदलते. १९८४ चं 'टाउन' आणि त्यापुढची मोठी चित्रं. जवळून दिसणारी माणसं मागे हटतात आणि शहरच मोठं होत जातं. रस्ते, इमारती, मागे ठाण्याचे डोंगर. 'लोअर परळ' (२००१) मध्ये पूल, रूळ, गिरणीची वस्ती आणि नवी बांधकामं एकाच कॅनव्हासवर येतात. थोडा वेळ बघितलं की पायाखालची जमीन सरकते. हे दृश्य एका जागेवरून दिसूच शकत नाही. इथं आपण पुलावर उभे आहोत, तिथं कुठल्या तरी गच्चीवर, आणि अजून जरा पलीकडे गल्लीत माणसाच्या उंचीवर. जमीन वाकवलेली आहे, क्षितिज ओढून घेतलेलं आहे. असं शहर डोळ्यांनी कधीच दिसत नाही. ते आठवणीत दिसतं, किंवा तापात.

याला अतिवास्तववाद कोणी म्हणत नाही. पटवर्धनांच्या नावापुढे वास्तववादी असंच छापतात, आणि ढोबळमानाने ते बरोबरही आहे. पण दालीच्या कड्यांवरून इथपर्यंत आलात तर तुमच्या ध्यानात येईल की दोघांनी एकच गोष्ट दोन टोकांनी केली आहे. दालीने खरी जागा घेऊन तीत अशक्य वस्तू ठेवली. पटवर्धनांनी एकही अशक्य वस्तू ठेवली नाही, सगळ्या खऱ्या वस्तू घेऊन जागाच अशक्य केली. त्यात मासा उडत नाही, म्हणून ते आपल्या नजरेतून निसटतं. मला विचाराल तर दुसरा प्रकार अवघड आहे, कारण त्यात प्रत्येक खिडकी, प्रत्येक जिना तपासून घ्यायला ठाण्या-मुंबईतले लाखो लोक बसलेत. नाक चुकलं तर सांगणाऱ्या आज्या.

त्यांचं सगळंच मी डोळे मिटून मानतो असं नाही. 'मुंबई प्रॉव्हर्ब्ज' (२०१४) या अनेक भागांच्या भव्य चित्रापुढे मी थोडा गार पडलो. शहराचा इतिहास, श्रम, पैसा, सगळं आलंय, पण सगळं आलंच पाहिजे अशी जबाबदारीही आली आहे. त्यातली माणसं मला कोणाची तरी प्रतिनिधी वाटली. 'ट्रेन'मधला माणूस कोणाचा प्रतिनिधी नव्हता, तो दमला होता. आपण डॉक्टर, मध्यमवर्गीय. आपण कामगारांची चित्रं काढतो ती कोणत्या हक्काने? हा प्रश्न पटवर्धनांच्या कामात सुरुवातीपासून आहे, रणजित होस्कोटे यांच्या त्यांच्यावरच्या पुस्तकाच्या नावातही त्याची सावली आहे. तो प्रश्न जिथं टोचत राहतो तिथं चित्र जिवंत आहे. जिथं त्याचं उत्तर देऊन टाकलंय तिथं कमी.

अंजली मोन्तेरो आणि के. पी. जयशंकर यांचा 'साचा' (२००१) हा माहितीपट मी नंतर पाहिला. त्यात पटवर्धन आणि नारायण सुर्वे दोघं आहेत. दोघांची मुंबई एकच, गिरण्यांची. सुर्व्यांच्या १९६६ च्या संग्रहाचं नावच 'माझे विद्यापीठ'. रस्त्यावर वाढलेला, गिरणीत राबलेला माणूस विद्यापीठ म्हणतो ते कशाला, हे नव्याने सांगायला नको. माहितीपट पाहताना मात्र एक फरक सलत राहिला, आणि स्वयंशिक्षित या शब्दाबद्दलचं माझं भांडण त्यातच आहे. डॉक्टरकी करत स्वतः शिकणं आणि गिरणीत खपत स्वतः शिकणं या दोन गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो. महिन्याला ठरलेला पैसा, पुस्तकं विकत घ्यायची ऐपत, कॅनव्हास उभा करायला भिंत, हे सगळं असताना कलाशाळा नसणं वेगळं. पिंपळीत ज्या पोराला ॲक्रिलिकची मोठी ट्यूब घ्यायची तर घरी दोनदा विचारावं लागतं, त्याचं नसणं वेगळं. पटवर्धनांची थोरवी त्याने कमी होत नाही, त्यांनी स्वतः ती सोय कधी लपवलेली नाही. पण 'बघा, न शिकता मोठा झाला' अशी प्रेरणादायी पोस्ट कोणी टाकली की मला राग येतो. न शिकता कोणीच मोठा होत नाही. त्यांनी शिक्षक निवडले, तेही थोडे: एक सेझान, एकदोन आणखी, आणि ठाणे. माझे शिक्षक मला फोनने निवडून दिले होते.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं आणि मी पिंपळीतच अडकलो. घड्याळाचं चित्र तोवर माळ्यावर गेलं होतं. मी ठरवलं की आता आपल्या भागातलं अद्भुत शोधायचं. आणि ते इथं ढिगाने आहे, हीच अडचण ठरली. आमच्यापासून पुढे इंदापूरच्या रस्त्याला काटेवाडी लागते. तुकोबांची पालखी येते तेव्हा तिथं मेंढ्यांचं रिंगण होतं, पालखीभोवती मेंढ्यांचा अख्खा कळप गोल धावतो. वारा, धूळ, लोकर आणि मध्ये पादुका. इंदापूर तालुक्यातच पळसदेव आहे. उजनी धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेलं, पळसनाथाचं मंदिरही गेलं. उन्हाळ्यात धरण फार आटलं की मंदिर पाण्यातून वर येतं, चिखलाने माखलेलं, कोरीव, आणि लोक गाड्या घेऊन बघायला जातात. मी ते रंगवलं. मोठं रंगवलं, मन लावून. वाईट झालं. नुसतं मंदिर वर येताना दाखवून भागेना म्हणून वर चंद्र घातला, मग पाण्यात एक दार घातलं. दाराशी येऊन थांबलो. पुन्हा तेच दार, ढगातून पाण्यात आलेलं. जे आधीच अद्भुत आहे त्याला चित्रकाराची गरज नसते, फोटो पुरतो. त्या काठावर माझ्यासारखे शंभर फोन होतेच.

मग बराच काळ काहीच काढलं नाही. त्यानंतर जे काढलं ते चित्र म्हणून काढलंच नव्हतं. आमच्याकडे शेतीची थ्री-फेज वीज बरेचदा रात्रीची असते. वडील बारा-एकला उठून उसाला पाणी द्यायला जातात, दारं धरायला म्हणतो आम्ही. एका रात्री बांधावर उभा राहून मी त्यांची वाट बघत होतो. ऊस डोक्यावर गेलेला. वडील दिसत नव्हते. आतून फक्त एक उजेड हलत येत होता, जमिनीपासून हातभर वर, कधी पानांवर, कधी पाण्यावर. मग दोन गमबूट दिसले. उजेड आणि बूट, मधला माणूस नाहीच. मला भीती वाटली. स्वतःच्या बापाची. ती दोनेक सेकंद टिकली असेल. घरी आलो आणि वहीच्या पानावर बॉलपेनने काळं करत गेलो, फक्त उजेडाची जागा सोडली.

ते चित्र चांगलं आहे की नाही मला अजून ठरवता येत नाही. त्याला आवाज वगैरे म्हणायची हिंमत नाही. त्याचे मी सहा-सात कागद केले. एक जरा मोठा केला, शाईत, आणि मुद्दाम ओट्यावर त्याच जागी ठेवला जिथं घड्याळ ठेवलं होतं. चुलते त्या दिवशी आले नाहीत. वडील आले. पाय धुऊन, टॉवेलला हात पुसत, समोर बराच वेळ उभे राहिले. हे काय काढलंय असं विचारलं नाही.

"बॅटरी डाव्या हातात पायजे," म्हणाले. "उजव्या हातात खोरं असतंय."

मी म्हटलं, पण ह्यात हात दिसतच नाहीत, माणूसच दिसत नाही.

"दिसत नाय. पण उजेड उजवीकडनं पडलाय की."

रविवारी मी नवा कागद घेऊन उजेड डावीकडे नेला. आता पाण्यातल्या सावल्या चुकल्यात.